गीतस्पर्धा, दूरचित्रवाणीवरील

दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित होणाऱ्या आणि परीक्षकांच्या, प्रेक्षकांच्या किंवा दोहोंच्या मतांनी अनुक्रम ठरविणाऱ्या गीतांच्या वा गायनाच्या स्पर्धा. त्यांचे दोन प्रमुख प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात नव्याने रचलेल्या गीताची परीक्षा होते. गीतकार, संगीतकार व गायक हे तिघेही निकालाचे वाटेकरी असतात. यूरोपातील यूरोव्हिजन ही अशा स्पर्धांपैकी सर्वांत जुन्या व सर्वांत प्रसिद्ध स्पर्धांत गणली जाते. दुसऱ्या प्रकारात आधीच लोकप्रिय असलेली गीते नवे गायक सादर करतात आणि परीक्षा होते ती केवळ गायकाची. भारतातील व महाराष्ट्रातील बहुतेक स्पर्धा या दुसऱ्या प्रकारात मोडतात. दोन्ही प्रकारांत निकाल हा गायनाच्या गुणवत्तेचे सरळ मोजमाप नसतो. कोणी मत द्यावयाचे, किती वेळा द्यावयाचे आणि दिलेली मते कशी एकत्र करावयाची, या नियमांवर तो अवलंबून असतो. म्हणून या स्पर्धांच्या निकालांचा इतिहास हा बव्हंशी मतमोजणीच्या नियमांचा इतिहास आहे. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या नांदेड व लातूर यांसारख्या जिल्ह्यांच्या संदर्भात हे नियम विशेष महत्त्वाचे ठरतात.

पूर्वपीठिका : श्रोत्यांसमोर गायनाची चढाओढ होणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. शाहिरी परंपरेतील कलगी-तुऱ्याच्या फडात एक पक्ष कूटप्रश्न घालतो व दुसरा पक्ष काव्यातूनच त्याचे उत्तर देतो. कलगीवाले शक्तीचे आणि तुरेवाले शिवाचे श्रेष्ठत्व प्रतिपादितात. तेथे जय-पराजय ठरतो तो जमलेल्या श्रोत्यांच्या प्रतिसादावर. आकडा कोणी मोजत नाही. नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्ष वद्यात भरणाऱ्या खंडोबाच्या यात्रेत लावणी व शाहिरी यांचे कार्यक्रम होतात आणि तेथील दाद हीच कलावंताची कसोटी समजली जाते. याच्या जोडीला अनुक्रमाची कल्पनाच नसलेली श्रवणपरंपराही या भागात तितकीच दृढ आहे. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातील रागाधिष्ठित कीर्तन व लातूर जिल्ह्यातील औसा येथील नाथ संस्थानाचे चक्री भजन ही तिची उदाहरणे होत. तेथे गाणारा व ऐकणारा दोघेही एकाच उपासनेत सहभागी असतात. पहिला-दुसरा असा क्रम लावण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही.

आधुनिक काळात गायकाच्या वा गीताच्या मूल्यमापनाची दोन भिन्न तत्त्वे नभोवाणीने रूढ केली. योगायोगाने भारतात ती दोन्ही १९५२ या एकाच वर्षी पुढे आली. बा. वि. केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री झाल्यानंतर आकाशवाणीने गायक-वादकांसाठी चाचणीची पद्धत सुरू केली. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारख्या तज्ज्ञांच्या मंडळाने कलावंतांना श्रेणी द्यावी, असे तिचे स्वरूप होते. अनेक नामवंत कलावंतांनी तिला विरोध केला. तथापि श्रेणीची पद्धत टिकून राहिली. येथे निर्णय सर्वस्वी तज्ज्ञांचा होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये रेडिओ सिलोनवरून अमीन सयानी यांच्या निवेदनाने ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम सुरू झाला. चित्रपटगीतांचा क्रम लावण्यासाठी तीत श्रोत्यांची पत्रे, पुढे ध्वनिमुद्रिकांची विक्री व श्रोतासंघांचा कौल यांचा आधार घेतला जाई. येथे निर्णय श्रोत्यांचा होता. लघुलहरींवरून होणारे हे प्रक्षेपण मुंबईइतकेच मराठवाड्यातील गावांतही ऐकू येई आणि एका पोस्टकार्डाने दूरच्या श्रोत्यालाही आपली पसंती कळविता येत असे. तज्ज्ञ की श्रोता, हा पुढील सर्व गीतस्पर्धांतील मूलभूत वाद या दोन घटनांत बीजरूपाने दिसतो.

यूरोव्हिजन व गुणांकनाचा विकास : यूरोपीय प्रक्षेपण संघाने २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे पहिली यूरोव्हिजन गीतस्पर्धा घेतली. इटलीत १९५१ पासून सान रेमो येथे होणारा गीतमहोत्सव हा तिचा आदर्श होता. पहिल्या स्पर्धेत सात देशांनी प्रत्येकी दोन गीते सादर केली. परीक्षकांचे मतदान गुप्त होते व त्यांना आपल्या देशालाही मत देता येत असे. यजमान स्वित्झर्लंडची गायिका लिस आसिया विजयी ठरली. मात्र गुणांचे आकडे कधीच प्रसिद्ध झाले नाहीत. पुढील वर्षी, १९५७ मध्ये, दोन महत्त्वाचे बदल झाले. आपल्या देशाच्या गीताला मत देण्यास मनाई करण्यात आली आणि गुणफलक प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर ठेवण्यात आला. कोणत्या देशाने कोणाला किती गुण दिले, हे तेव्हापासून सर्वांना समजू लागले. गीतांइतकीच उत्सुकता गुणमोजणीविषयीही निर्माण झाली.

निकाल व लोकप्रियता यांतील अंतरही लवकरच दिसून आले. १९५८ मध्ये दोमेनिको मोदुन्यो या इटालियन गायकाचे गीत तिसऱ्या क्रमांकावर राहिले. परंतु तेच जगभर गाजले आणि पुढील वर्षी अमेरिकेतील पहिल्या ग्रॅमी पुरस्कारांत त्याला सर्वोच्च मान मिळाले. १९६९ मध्ये माद्रिद येथे फ्रान्स, नेदर्लंड्स, स्पेन व ब्रिटन या चार देशांना प्रत्येकी १८ गुण मिळाले. बरोबरी सोडविण्याचा नियम नसल्याने चौघांनाही विजेते घोषित करावे लागले. या प्रकाराने नाराज झालेल्या काही देशांनी १९७० च्या स्पर्धेत भाग घेतला नाही. आज परिचित असलेली १२, १०, ८ व त्याखाली १ पर्यंत गुण देण्याची पद्धत १९७५ मध्ये स्टॉकहोम येथील स्पर्धेपासून सुरू झाली. या पद्धतीत लोकसंख्येचा विचार केला जात नाही. लहान देश व मोठा देश यांच्या हाती सारखेच गुण असतात.

दूरध्वनीद्वारे प्रेक्षकांचे मत घेण्याचा प्रयोग १९९७ मध्ये पाच देशांत झाला व नंतर तो सर्वत्र पसरला. तथापि केवळ प्रेक्षकांच्या मतांनी शेजारी देश एकमेकांना गुण देतात, तसेच परदेशी स्थायिक झालेले लोक मायदेशाकडे झुकतात, अशी टीका होऊ लागली. त्यामुळे २००९ पासून अंतिम फेरीत तज्ज्ञ मंडळ व प्रेक्षक यांना निम्मा-निम्मा वाटा देण्यात आला. २०१६ पासून ही दोन्ही मते वेगळी जाहीर होऊ लागली, तेव्हा तज्ज्ञ व प्रेक्षक यांच्या अभिरुचीतील भेद प्रथमच आकड्यांत स्पष्ट झाला. त्या वर्षी तज्ज्ञांच्या मते ऑस्ट्रेलिया व प्रेक्षकांच्या मते रशिया पहिला होता. परंतु दोहोंची बेरीज केल्यावर ५३४ गुणांसह युक्रेन विजयी झाला. दोन्ही गटांत दुसरा असलेला स्पर्धक बेरजेत पहिला येऊ शकतो, हे त्यातून दिसले. तज्ज्ञही निर्दोष असतातच असे नाही. २०२२ मध्ये मतदानात संशयास्पद साम्य आढळल्याने सहा देशांच्या तज्ज्ञ मंडळांची उपांत्य फेरीतील मते बाद करण्यात आली. २०२३ पासून स्पर्धेत नसलेल्या देशांतील प्रेक्षकांनाही महाजालावरून मत देता येऊ लागले व त्या सर्वांच्या मतांना मिळून एका देशाइतके गुण देण्यात आले. यूरोव्हिजनच्या निकालात भारतीय प्रेक्षकाला वाटा मिळाला तो या नियमामुळे.

भारतातील स्पर्धा : भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले, तर मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी कार्यान्वित झाले. मराठवाड्यास या माध्यमाचा लाभ होण्यास बराच काळ लागला. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. त्यात मराठवाड्याच्या सीमेलगतच्या गुलबर्गा जिल्ह्यातील खेड्यांचा समावेश होता; परंतु महाराष्ट्र राज्य त्यात नव्हते. १९८० नंतरच्या दशकात सहक्षेपण केंद्रांचे जाळे वाढले आणि जिल्ह्यांच्या ठिकाणी दूरदर्शन दिसू लागले.

उपग्रह वाहिन्यांच्या काळात, १९९५ मध्ये, झी वाहिनीवर ‘सा रे ग म’ ही स्पर्धा सुरू झाली. सोनू निगम हे तिचे सूत्रसंचालक होते आणि शास्त्रीय व चित्रपट संगीतातील ज्येष्ठ कलावंत परीक्षक म्हणून येत. प्रारंभीच्या या पर्वात निर्णय मुख्यतः तज्ज्ञांच्या हाती होता. १९९९ मध्ये सुरू झालेल्या अल्फा मराठी, म्हणजेच पुढच्या झी मराठी, वाहिनीने हाच नमुना मराठीत आणला. मराठी ‘सा रे ग म प’मध्ये परीक्षक गुण अंकांऐवजी स्वरांत देत, ही तिची लक्षणीय प्रथा होय. स्वरांची चढती श्रेणी संगीताशी फारशी ओळख नसलेल्या प्रेक्षकालाही सहज समजत असे.

२००४ मध्ये ‘इंडियन आयडॉल’ सुरू झाल्यावर मतदानाचे स्वरूप पालटले. मूळ ब्रिटिश कार्यक्रमाच्या नमुन्यावर बेतलेल्या या स्पर्धेत अंतिम निर्णय भ्रमणध्वनीवरील लघुसंदेश व दूरध्वनी यांद्वारे प्रेक्षक देत. लघुसंदेशाला नेहमीपेक्षा अधिक दर पडे आणि एकाच व्यक्तीला अनेक मते देता येत. म्हणजे हे मतदान ‘एक व्यक्ती, एक मत’ या तत्त्वावर आधारलेले नव्हते. मत देण्याची ऐपत व उत्साह यांचेही ते मोजमाप होते. मार्च २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत हा या स्पर्धेचा पहिला विजेता ठरला. २००६ मध्ये आसाममधील सिलचरचा देबोजित साहा ‘सा रे ग म प’चा विजेता झाला. २००७ मध्ये ‘इंडियन आयडॉल’च्या अंतिम फेरीत दार्जिलिंगचा प्रशांत तमांग व शिलाँगचा अमित पॉल असे ईशान्येकडील दोन स्पर्धक समोरासमोर आले. त्या वेळी सुमारे ७ कोटी मते आल्याचे जाहीर करण्यात आले व तमांग विजयी झाला. राष्ट्रीय प्रसारमाध्यमांत क्वचितच स्थान मिळणाऱ्या प्रदेशांनी आपले अस्तित्व या मतदानातून प्रकट केले. त्याच वेळी प्रादेशिक अस्मितेने गायनावर मात केली, असा आक्षेपही घेण्यात आला.

एशियन आयडॉल : मराठी गायकाने आंतरराष्ट्रीय दूरचित्रवाणी गीतस्पर्धेत भाग घेतल्याचे ठळक उदाहरण म्हणजे डिसेंबर २००७ मध्ये इंडोनेशियातील जाकार्ता येथे झालेली ‘एशियन आयडॉल’ ही स्पर्धा होय. भारत, इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपीन्स, सिंगापूर व व्हिएटनाम या सहा देशांचे विजेते तीत सहभागी झाले. भारताचे प्रतिनिधित्व अभिजीत सावंत याने केले. प्रत्येक मतदाराने दोन स्पर्धकांना मत दिलेच पाहिजे, असा तीतील नियम होता. पहिले मत स्वाभाविकपणे स्वदेशाच्या गायकाला जाणार, हे गृहीत धरून दुसऱ्या पसंतीला निर्णायक महत्त्व मिळावे, हा त्यामागील हेतू होता. स्पर्धेचा निकाल या नियमाची परिणामकारकता दाखवितो. भारत व इंडोनेशिया यांसारखे प्रचंड लोकसंख्येचे देश स्पर्धेत असूनही सिंगापूर या नगरराज्याचा हादी मिर्झा विजयी झाला. लोकसंख्येचे बळ ज्या नियमाने निष्प्रभ होते, त्या नियमाखाली लहान प्रदेशालाही संधी मिळते, हा या निकालाचा बोध होय.

मराठवाड्यातील स्पर्धक व निकाल : मराठी दूरचित्रवाणीवरील सर्वांत गाजलेली गीतस्पर्धा म्हणून २००८-०९ मधील ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’चा उल्लेख करावा लागेल. पल्लवी जोशी या तिच्या सूत्रसंचालिका, तर अवधूत गुप्ते व वैशाली सामंत हे परीक्षक होते. महाअंतिम फेरीत आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरी जिल्ह्यातील प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन व लातूरचा रोहित राऊत हे पाच बालगायक होते. ते ‘पंचरत्न’ या नावाने ओळखले जाऊ लागले. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी गायकवाड विजेती घोषित झाली. या पाच जणांत मुंबईचा एकही स्पर्धक नव्हता. नाट्यसंगीत, भावगीत, अभंग, चित्रपटगीत असे प्रत्येकाचे कलाने वेगळे क्षेत्र होते. वारकरी परंपरेतील गायन, कोकणातील भजन व नाट्यगीत, मराठवाड्यातून आलेला आधुनिक चित्रपटगीतांचा गायक असे मराठी संगीताचे विविध प्रवाह एकाच मंचावर आले.

या निकालाचा विचार करताना मतदारांच्या परिस्थितीकडेही पाहिले पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर जिल्ह्याची लोकसंख्या सु. २४.५ लाख व नांदेड जिल्ह्याची सु. ३३.६ लाख होती. दोन्ही मिळून ती राज्याच्या लोकसंख्येच्या सु. ५ टक्केच भरते. संपूर्ण मराठवाड्याची लोकसंख्या सु. १.८७ कोटी, म्हणजे राज्याच्या सु. एक-षष्ठांश होती. याउलट एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांहून अधिक होती. शिवाय २००८-०९ च्या सुमारास महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दीर्घकाळ भारनियमन होत असे. कार्यक्रमाच्या वेळी वीज असणे, भ्रमणध्वनीला संदेशवहनाची सोय असणे आणि त्यात जादा दराच्या संदेशापुरते पैसे शिल्लक असणे या तिन्ही गोष्टी जुळून आल्या तरच मत नोंदविले जाई. लातूरच्या गायकाला नांदेड, परभणी वा धाराशिव येथील प्रेक्षक आपला मानू शकत असला, तरी त्या आपुलकीचे मतात रूपांतर होण्याच्या वाटेवर हे अडथळे होते. एकगठ्ठा मोजणीच्या पद्धतीत केवळ आपल्या प्रदेशाच्या पाठिंब्यावर मराठवाड्यातील स्पर्धकाला विजय मिळविणे कठीण होते. अंतिम फेरीपर्यंत पोहोचण्यासाठी परीक्षकांची मान्यता व अन्य भागांतील प्रेक्षकांची पसंती त्याला मिळवावीच लागे. त्या दृष्टीने अंतिम पाचांत स्थान मिळणे, हाही स्वतंत्रपणे नोंदविण्याजोगा निकाल होय.

याचा पुढील टप्पा ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात दिसतो. दरम्यानच्या काळात ‘दुनियादारी’ (२०१३) या चित्रपटासाठी पार्श्वगायन केलेला रोहित राऊत या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर झालेल्या निकालात पंजाबमधील भटिंड्याचा सनी हिंदुस्तानी विजेता, तर रोहित राऊत उपविजेता ठरला. आता मतदान प्रामुख्याने महाजालावरून होत होते आणि २०१६ नंतर स्वस्त झालेल्या महाजाल-सेवेमुळे जादा दराच्या संदेशाचा अडसर दूर झाला होता. परंतु नव्या पद्धतीतही कोणत्या राज्यातून वा जिल्ह्यातून किती मते आली, हे जाहीर झाले नाही.

या स्पर्धांबरोबरच तज्ज्ञांनी निर्णय देण्याची जुनी पद्धतही या भागात चालू राहिली. १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे येतात. विद्यापीठाच्या युवक महोत्सवांत शास्त्रीय, सुगम व लोकगीत गायनाच्या स्पर्धा होतात आणि परीक्षकांच्या गुणांवर त्यांचे निकाल लागतात. दूरचित्रवाणीपर्यंत न पोहोचणाऱ्या अनेक गायकांची पहिली जाहीर परीक्षा अशा मंचांवरच होते.

मूल्यमापन : यूरोप व भारत येथील निकालांची तुलना केली असता तीन भेद लक्षात येतात. पहिला भेद पारदर्शकतेचा आहे. यूरोव्हिजनमध्ये १९५७ पासून गुणांचा तपशील जाहीर होत आला. भारतात मात्र क्रमांक व फार तर एकूण मतांचा आकडा सांगितला जातो. त्यामुळे मराठवाड्यातील प्रेक्षकांनी आपल्या स्पर्धकाला किती पाठिंबा दिला, इतरांनी किती दिला, हे अभ्यासकाला आकड्यांनी सिद्ध करता येत नाही. दुसरा भेद प्रदेशांच्या समतेचा आहे. यूरोव्हिजनचा नियम महाराष्ट्रातील जिल्ह्यांना लावला, तर लातूर व पुणे यांच्या हाती सारखेच गुण राहतील; पण लातूरला लातूरच्या गायकासाठी मत देता येणार नाही. आपल्या माणसाला मत देण्याची मुभा आणि लहान प्रदेशाचे समान वजन या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे कठीण असते. एशियन आयडॉलमधील सक्तीची दुसरी पसंती हा त्यांतील मध्यममार्ग होता; भारतीय स्पर्धांनी तो स्वीकारला नाही. तिसरा भेद गीताचा आहे. यूरोपातील स्पर्धेतून दरवर्षी नवी गीते निर्माण होतात. येथील स्पर्धांनी जुन्या गीतांना नवा श्रोतृवर्ग मिळवून दिला आणि भावगीत, नाट्यगीत व अभंग नव्या पिढीच्या कानांवर घातले. नव्या रचनेला मात्र त्यांत फारसा वाव राहिला नाही.

बालवयातील स्पर्धकांवर निकालाचा ताण पडतो, प्रसिद्धी अल्पकाळ टिकते, गाण्यापेक्षा स्पर्धकाच्या कौटुंबिक परिस्थितीवर भर दिला जातो, असे आक्षेप या स्पर्धांवर घेतले गेले व ते निराधार नाहीत. तरीही ज्या प्रदेशातील गायकाला पूर्वी मुंबई-पुण्यात जाऊन ओळख मिळवावी लागे, त्या प्रदेशाला या स्पर्धांनी एक मार्ग खुला करून दिला, हे मान्य करावे लागते. विजेतेपद हा त्या मार्गाचा एक टप्पा असतो. लिटिल चॅम्प्सच्या पाचही स्पर्धकांनी पुढे संगीतक्षेत्रात काम केले. २०२१ मध्ये याच स्पर्धेचे नवे पर्व सुरू झाले, तेव्हा परीक्षकांच्या आसनांवर हे पाचही जण बसले. २००९ मधील विजेती व तिचे चार सहस्पर्धक यांच्यात त्या वेळी कोणताही क्रम लावण्यात आला नव्हता.